एक हँडसेट, दोन जाळी

आमली, मसाट, राखोली, सायली, खडोली, नरोली. सिल्वासाभोवतीच्या या शेडींमध्ये ‘नेट चालत नाही’ ही तक्रार प्रत्येक पाळीत होते आणि तिचं उत्तर ज्याचा तो आपापल्या सोयीने देतो. सुपरवायझर म्हणतो, रेंज नसेल. हेल्पर म्हणतो, पॅक संपला असेल. आयटीवाला फोनवरूनच सांगतो, राउटर बंद करून चालू करा. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस छातीठोकपणे सांगतो, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमचंच नेट खराब आहे. चौघंही कधी ना कधी खरे ठरतात. पण चौघांच्याही डोक्यात एकच गृहीत असतं: जोडायची गोष्ट एक, तिचं नाव नेट, आणि ती एक तर असते किंवा नसते.

हे गृहीत मोडावं म्हणून ही पुस्तिका लिहिली. कारखान्यातल्या माणसाच्या हातातला फोन किंवा स्कॅनर एकाच वेळी दोन जाळ्यांत वावरत असतो. एक इंटरनेट, जे मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून किंवा ब्रॉडबँडच्या तारेतून येतं. दुसरं कामाचं जाळं: कंपनीच्या आवारातला सर्व्हर, त्यावरचा स्टॉक, बारकोडचा प्रिंटर, वजनकाट्याला जोडलेला संगणक. दोन्हींचे मालक निराळे, नियम निराळे, बिघडण्याच्या तऱ्हाही निराळ्या. फोनच्या माथ्यावर मात्र दोन्हींसाठी वायफायची तीच खूण उमटते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

डिस्पॅचचं रोजचं काम घ्या. गाडी लागली आहे, सुताच्या बोबिनचे खोके चढतायत. क्लार्कच्या हातात अँड्रॉइडचा हँडसेट आहे. खोक्यावरचा बारकोड मारला की माळ्यावरच्या खोलीतल्या सर्व्हरवर नोंद होते, बिलही तिथेच तयार होतं. इथवरचा व्यवहार कंपनीच्या भिंतींच्या आतला. आता माल निघायचा तर ई-वे बिल हवं. इथून वापीला माल धाडायचा म्हटलं तरी सरहद्द ओलांडावी लागते, म्हणजे माल आंतरराज्यीय झाला. १ एप्रिल २०१८ पासून अशा पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याच्या ‘ब’ भागात गाडीचा नंबर भरल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने ऐनवेळी गाडी बदलली की नंबर पुन्हा भरा. हे पोर्टल इंटरनेटवर. लॉगिनला ओटीपी, तो एसएमएसने, म्हणजे टॉवरवरून. पाच मिनिटांच्या कामात एकाच यंत्राने आत जायचं, बाहेर जायचं आणि तिसऱ्याच वाटेने आलेला आकडा वाचायचा. यांपैकी काहीही अडलं तरी क्लार्क माळ्याकडे बघून ओरडतो ते एकच वाक्य: “भाऊ, नेट गेलं काय?”

दोन जाळ्यांची ही अडचण अँड्रॉइडने आणलेली नाही. २००० नंतरच्या दशकात गोदामांमध्ये जे हातातले संगणक आले, ते बरेचसे मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसी आणि पुढे विंडोज मोबाइल या प्रणालीवर चालत. त्यांच्या सेटिंगमध्ये दोन खाती उघड मांडलेली होती, एक इंटरनेटचं आणि एक ऑफिसचं, आणि प्रत्येकाची जोडणी वेगळी भरावी लागे. कुठला पत्ता कुठल्या खात्यात धाडायचा, याचा नियमही गमतीदार होता: पत्त्यात टिंब नसेल तर तो ऑफिसचा, टिंब असेल तर इंटरनेटचा. ‘स्टोअर’ एवढाच शब्द टाकला की यंत्र कंपनीच्या सर्व्हरकडे वळे. कंपनीच्याच एखाद्या पत्त्यात टिंब असलं तर तो अपवादांच्या यादीत हाताने घालावा लागे, आणि ती यादी भरायला हटकून कोणीतरी विसरे. नियम ओबडधोबड होता खरा, पण मला तो अजूनही आवडतो. फाटा कुठे फुटतो हे वापरणाऱ्याला दिसत होतं. त्या घराण्यातल्या विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०मध्ये काढून घेतला. पिस्तुलासारख्या मुठीची ती यंत्रं काही गोदामांत आजही चार्जरवर उभी दिसतात आणि बारकोड निमूटपणे वाचतात. त्यांच्यासाठी शेवटी एक छोटं प्रकरण ठेवलं आहे. त्याहून जास्त पानं त्यांच्यावर घालवू नयेत असं माझं मत आहे.

अँड्रॉइडने तो फाटा नजरेआड केला. वायफाय जोडलं गेलं की फोन आपल्याला न विचारता गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर बारीकशी विनंती पाठवतो. उत्तरादाखल २०४ हा क्रमांक आला, ज्याचा अर्थ विनंती पोचली, पण दाखवण्यासारखं काही नाही, तर फोन समजतो की इथे इंटरनेट आहे. उत्तर आलं नाही तर वायफायच्या खुणेशेजारी उद्गारचिन्ह येतं, ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे का?’ अशा अर्थाचा प्रश्न झळकतो आणि आपण काही न करता पुढे गेलो की फोन मुकाट्याने मोबाइल डेटाकडे सरकतो. घरी हे सोयीचं आहे. कारखान्यात हेच मुळावर येतं. कारण कित्येक कारखान्यांनी शेडमधल्या वायफायवर इंटरनेट मुद्दाम ठेवलेलं नसतं. ते फक्त सर्व्हरपर्यंत जातं आणि तेवढंच जावं असा मालकाचा हुकूम असतो. फोनच्या परीक्षेत ते जाळं नापास होतं, फोन टॉवरकडे वळतो आणि सर्व्हर सापडेनासा होतो.

सापडेनासा का होतो, तेही नीट पाहण्यासारखं आहे. सर्व्हरचा पत्ता बहुधा १९२.१६८ने सुरू होतो, नाहीतर १०ने. हे पत्ते १९९६ साली खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले. तोच पत्ता खडोलीतल्या तुमच्या सर्व्हरला आहे, वापीतल्या एखाद्या दवाखान्याच्या प्रिंटरला आहे आणि तुमच्या घरच्या राउटरलाही असू शकतो. आवाराबाहेर त्याला काही अर्थ नाही. मोबाइल डेटावरून तो पत्ता शोधणारा फोन कितीही वेळ थांबला तरी त्याला उत्तर येणार नाही. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहतं. क्लार्क मोबाइल डेटा बंद करतो, स्कॅनिंग सुरू होतं, सगळे खूश. दहा मिनिटांनी ई-वे बिलाचं पोर्टल उघडत नाही. डेटा चालू करतो, पोर्टल उघडतं, सर्व्हर जातो. असं दिवसभर त्या एका बटणाशी झटापट करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं फोन बिघडलाय. फोन ठणठणीत असतो आणि दर वेळी आपल्या नियमानेच वागत असतो. ‘जोडलेले राहा’ असं कायमचं सांगून ठेवलं तर स्कॅनिंग सुखरूप चालतं, पण मग फोन सगळंच त्या वायफायवरून मागू लागतो आणि पोर्टल अडतं. दोन्ही एकदम हवं असेल तर उपाय फोनमध्ये शोधू नये. तो कंपनीच्या फायरवॉलमध्ये आहे: त्या वायफायवरून परीक्षेचा तो पत्ता आणि ई-वे बिलाचं पोर्टल एवढ्यापुरती बाहेरची वाट मोकळी करायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ते होत नाही, कारण डिस्पॅचवाला ते मागत नाही, आणि मागत नाही कारण नेमकं काय मागायचं ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

हीच पुस्तिका पुण्यात किंवा चाकणला लिहिली असती तर पुढचं प्रकरण लागलं नसतं. सिल्वासा ज्यात येतं त्या दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ जेमतेम ४९१ चौरस किलोमीटर. त्यातही दादरा हा तुटलेला तुकडा, चहूबाजूंनी गुजरात. उलट नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ हे गुजरातचं गाव. दक्षिणेला तलासरी, जव्हार, म्हणजे पालघर जिल्हा. पोर्तुगीज अंमल ऑगस्ट १९५४मध्ये संपला, १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात आला, १९६५ साली पिपरियात सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे करसवलतींमुळे शेडी वाढत गेल्या. २६ जानेवारी २०२०पासून दमण-दीवशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. दूरसंचाराच्या नकाशावर मात्र हा सगळा भाग पहिल्यापासून गुजरात सर्कलमध्ये मोडतो. सिल्वासाचा एसटीडी कोडही वापीचाच, ०२६०. तलासरी आणि जव्हार महाराष्ट्र सर्कलमध्ये.

फोनला गावाच्या वेशी कळत नाहीत, टॉवर कळतात. उधव्याहून खानवेलमार्गे कामाला येणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये महाराष्ट्राचं सिम असतं. सर्कल बदललं की फोनला वेगळं नेटवर्क दिसतं, वर ‘आर’ हे अक्षर येतं, आणि ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर कॉल लागतात, एसएमएस येतात, नेट तेवढं चालत नाही. खुणेच्या दांड्या भरलेल्या दिसत असल्यामुळे रेंजचा संशयही येत नाही. रोमिंगला पैसे पडत होते त्या काळात लोकांनी ते बटण बंद ठेवायची सवय लावून घेतली. देशातल्या देशात रोमिंगचा वेगळा आकार २०१७च्या सुमारास बड्या कंपन्यांनी काढून टाकला, सवय राहिली. नवा फोन घेतल्यावर घरातलं कोणीतरी जाणतं माणूस ‘हे बंदच ठेव, पैसे कापतात’ असं सांगून ते बटण बंद करून देतं. सीमेवर राहणाऱ्यांनी ते चालू ठेवावं. परदेशी जाताना बंद करायला विसरू नये, एवढीच पुस्ती.

सीमेलगतच्या शेडींत आणखी एक प्रकार होतो. पत्र्याच्या छताखाली सिग्नल तसाही मरतुकडा, त्यात फोन कधी या बाजूचा टॉवर धरतो, कधी त्या बाजूचा. नेटवर्क निवड ‘स्वयंचलित’ ऐवजी हाताने करून ठेवली असेल तर बाजू बदलल्यावर फोन मुका होतो. हाताने निवड करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देत नाही.

एपीएनबद्दल थोडक्यात. मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटच्या दाराशी नेणारं ते नाव आहे. जिओचं ‘जिओनेट’, बीएसएनएलचं ‘बीएसएनएलनेट’. एकेकाळी सेटिंगचा एसएमएस मागवून ते बसवावं लागे, आता सिम घातल्यावर आपोआप भरलं जातं. जुना फोन नव्या सिमवर आणला किंवा स्कॅनरमध्ये सिम टाकलं तरच तिथे डोकवायची वेळ येते, आणि अक्षरातली एक चूकही पुरते. काही मोठ्या कंपन्या मोबाइल कंपनीकडून खास स्वतःचा एपीएन घेतात. तसं सिम थेट कंपनीच्या जाळ्यातच उघडतं, त्यावर इंटरनेट मुळीच नसतं. असं सिम कोणी हौसेने आपल्या फोनमध्ये घालून ‘यूट्यूब चालत नाही’ म्हणत आलं तर त्यात सिमचा दोष नाही.

कामाच्या जाळ्याकडे वळलं की सेटिंगपेक्षा ओळख पटवण्याचे प्रश्न जास्त. पासवर्ड बरोबर, तरी फोन आत घेतला जात नाही, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली. त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पूर्वी प्रत्येक यंत्राचा एक कायमचा मॅक अॅड्रेस असे आणि आयटीवाले परवानगीच्या यादीत तो लिहून ठेवत. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२०च्या आयओएस १४पासून, फोन प्रत्येक वायफायला एक बनावट मॅक अॅड्रेस दाखवतो, जेणेकरून दुकानांनी आणि मॉलनी माणसाचा माग काढू नये. हेतू उत्तम. पण यादीत लिहिलेला पत्ता फोनच्या डब्यावरचा असतो आणि फोन दारात सांगतो तो दुसराच. कंपनीच्या वायफायपुरतं ‘फोनचा मूळ मॅक वापरा’ असं निवडलं की प्रश्न सुटतो. मला विचाराल तर यादीचीच पद्धत सोडावी. मॅक अॅड्रेस कोणालाही नकलता येतो, त्यामुळे त्या यादीने सुरक्षा वाढत नाही, आयटीवाल्याची वही तेवढी वाढते.

त्याहून बरी पद्धत म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र. तिथे एक खोच आहे. प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मुदत आहे की संपली हे फोन आपल्या घड्याळावरून ठरवतो. स्कॅनरची बॅटरी दोनचार दिवस काढून ठेवली की काही यंत्रांचं घड्याळ कारखान्यातून निघाल्या तारखेला जाऊन बसतं. मग प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. पडद्यावर येतो तो संदेश पासवर्डबद्दल. लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, खातं बंद पडतं, आयटीवाला वैतागतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला स्कॅनर बंड करतात त्यामागे बरेचदा एवढंच असतं. तारीख आधी पाहावी.

घरून किंवा रस्त्यातून कंपनीच्या सर्व्हरशी जोडायचं तर व्हीपीएन. लहान कारखान्यांत अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी राउटरवर पीपीटीपी नावाची पद्धत बसवून दिलेली असते आणि ती चालते म्हणून कोणी हात लावत नाही. आयफोनने ती २०१६ सालीच काढून टाकली, अँड्रॉइड १२पासून नव्याने बसवता येत नाही. मालकाने नवा फोन घेतला की व्हीपीएन ‘बिघडतं’ ते यामुळे. जुना फोन शोधत बसण्यापेक्षा राउटर बदलावा, कारण ती पद्धत फोडणं सोपं आहे हे केव्हाच सिद्ध झालं आहे.

शेडमधल्या वायफायच्या भौतिक बाजूवर एक लांब प्रकरण आहे. पत्रा, लोखंडी रॅक, पाण्याच्या टाक्या यांचा परिणाम, २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल, ५ गिगाहर्ट्झचा वेग आणि भिंतीपुढे त्याने टाकलेली मान, हे तिथे आहे. इथे एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून भांडणं होतात. चालता चालता एका वायफायच्या डब्यावरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे डबा ठरवत नाही, हातातलं यंत्र ठरवतं. काही यंत्रं पहिल्याला इतकी चिकटून बसतात की डोक्यावरचा डबा सोडून शेडच्या दुसऱ्या टोकाच्या डब्याशी कुजबुजत राहतात. जास्त डबे लावून हे सुटत नाही, उलट वाढतं.

या सगळ्यात मला सतत खुपणारी एक गोष्ट. ज्या ऑप्टिकल फायबर केबलवर देशाचं इंटरनेट धावतं, तिच्यातली काही स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत इथेच, सिल्वासा आणि दादऱ्याकडे बनते. त्या कंपनीचं काचेचं फायबर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्र्याकडे तयार होतं. म्हणजे मराठवाड्यात ओढलेली काच आणि इथल्या हातांनी चढवलेलं आवरण मिळून ती केबल गावोगाव जमिनीखाली जाते. आणि याच भागात खोलीवर परतलेला कामगार व्हिडिओ कॉल लागावा म्हणून रस्त्यावर येऊन उभा राहतो.

आता एका नाजूक प्रकरणाकडे. स्वतःच्या फोनवर कंपनीचं काम करायला लावणं ही इथे रीतच झाली आहे. कंपनी एक अॅप देते, ते ‘डिव्हाइस अॅडमिन’ची परवानगी मागतं, माणूस ‘परवानगी द्या’ दाबतो. त्या एका दाबण्याने फोन दुरून कुलूपबंद करण्याची, प्रसंगी पूर्ण पुसण्याची मुभा तो देऊन बसू शकतो, पोरांच्या फोटोंसकट. अँड्रॉइडमध्ये याला चांगला पर्याय बरीच वर्षं आहे: ‘वर्क प्रोफाइल’. कंपनीची अॅप्स वेगळ्या कप्प्यात, त्यांच्यावर ब्रीफकेसची खूण, आणि नोकरी सुटली तर कंपनीने पुसायचा तो तेवढाच कप्पा. कामगारांनी हे मागावं आणि कंपन्यांनी द्यावं, असं मी ठामपणे म्हणतो. कंपनीच्या वायफायवरून कोणत्या पत्त्यांवर गेलात ते कंपनीला दिसू शकतं, हेही सगळ्यांना ठाऊक असावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही नोकरीच्या कारणापुरती माहिती संमतीशिवाय वापरायची मोकळीक मालकाला दिली आहे. मेसेजमधला मजकूर सहसा दिसत नाही, तो सांकेतिक केलेला असतो. पण कुठे गेलात, किती वेळ होतात, याचा माग राहतो. म्हणून कामाचं कामाच्या जाळ्यावर आणि घरचं आपल्या डेटावर. सुटीच्या वेळेत वायफाय बंद करायचं बटण एक सेकंदाचं आहे.

पुस्तिका कोणासाठी? डिस्पॅच आणि स्टोअरचे क्लार्क, पाळीचे सुपरवायझर, आणि ज्याला ‘तुला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणून आयटीचं काम गळ्यात बांधलं जातं तो मुलगा, यांच्यासाठी. बहुतेकांचे फोन इंग्रजीत असतात, काहींचे हिंदीत किंवा गुजरातीत, म्हणून सेटिंगची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवली आहेत. बटणांची चित्रं मुद्दाम कमी आहेत. कंपनीगणिक आणि दर वर्षी ती जागा बदलतात.

पहिलं प्रकरण वाचून सोडून दिलं तरी चालेल, दुसरं मात्र प्रिंट काढून सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लावा. त्यात ‘नेट चालत नाही’ या तक्रारीच्या जागी विचारायचे प्रश्न आहेत. वायफायच्या खुणेशेजारी उद्गारचिन्ह आहे का? फोनला पत्ता मिळाला आहे का, आणि तो १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होतो का? वर ‘आर’ आहे का? यंत्राची तारीख बरोबर आहे का? शेजारच्या माणसाच्या फोनवर तेच काम चालतं का? आणि शेवटचा, जो आधी विचारला तरी चालेल: नक्की काय उघडत नाही, कंपनीचा सर्व्हर की बाहेरचं पोर्टल? रात्रपाळीच्या क्लार्कने या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवली तर सकाळी येणाऱ्या आयटीवाल्याला राउटर बंद करून चालू करायला सांगता येणार नाही. त्याला कारण शोधावं लागेल.